लेसफील्ड मॅक्स-क्यू टू फेस्क्यूचं बियाणं: गवत घेताना आतली बुरशीही बघून घ्या

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या आसपास पाच-दहा एकर घेऊन गाई, शेळ्या, एखादी घोडी बाळगणारी मराठी घरं आता दिसायला लागली आहेत. त्यांचे ऑगस्ट लागला की मला फोन येतात: "ताई, कुरणात कुठलं बी टाकू?" प्रत्येकाला फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मी वापरलेलं बियाणं लेसफील्ड मॅक्स-क्यू टू. हा उंच फेस्क्यू गवताचा वाण आहे. केंटकी विद्यापीठातल्या डॉ. टिम फिलिप्स यांनी तो तयार केला, चारापिकांचे जुने तज्ज्ञ डॉ. गॅरी लेसफील्ड यांचं नाव त्याला दिलं आणि पेनिंग्टन कंपनी तो विकते. माझं मत आधीच सांगते: घ्या. केंटकी ३१ या इथल्या जुन्या, साध्या फेस्क्यू वाणाच्या दुपटीहून जास्त पैसे मी मोजले, तरीही घ्या. मात्र पिशवी उचलण्याआधी तिच्यात नेमकं काय आहे ते समजून घ्या, कारण दुकानदार तुम्हाला उगवणीचा टक्का सांगेल आणि थांबेल.

या पिशवीत दोन जिवंत गोष्टी असतात. एक गवताचं बी, आणि त्या बीच्या आत राहणारी बुरशी. एपिक्लोई सीनोफियाला तिचं नाव. तांबेरा किंवा काणीसारखी ती रोग आणत नाही. गवताच्या पेशींच्या मधल्या जागेत ती वाढते, फुलोऱ्यात शिरते, बीमध्ये उतरते आणि पुढच्या पिढीत जाते. मातीतून नाही, वाऱ्याने नाही, परागातूनही नाही. मादीकडून, फक्त बीमधून. गवत तिला साखर आणि घर देतं, ती गवताला दुष्काळ, किडे आणि जास्त चराई सोसायची ताकद देते.

हे वडिलांना सांगितलं तेव्हा फलटणहून व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "अगं, बुरशी लागलेलं बी माणूस फेकून देतो, तू पैसे देऊन आणतेस?" आबांची शंका रास्त आहे. कोद्रूच्या बुरशीने माणसं-जनावरं झिंगल्याचं आपल्याकडे जुन्या लोकांना माहीत आहे, बाजरीच्या अरगटाने काय होतं तेही माहीत आहे. आणि फेस्क्यूमधली ही बुरशी त्या अरगटाच्याच कुळातली आहे.

खरी गोम इथेच आहे. केंटकी ३१ हा वाण १९३१ साली विद्यापीठाच्या ई. एन. फर्गस यांना मेनिफी काउंटीतल्या सूटर यांच्या शेतावर, डोंगरउतारावर दिसला. बाकी सगळं वाळलं तरी हे गवत हिरवं. १९४३ मध्ये तो शेतकऱ्यांना दिला आणि बघता बघता त्याने अमेरिकेच्या आग्नेय भागातली साडेतीन कोटी एकरांच्या आसपास जमीन व्यापली. आणि जनावरं आजारी पडायला लागली. उन्हाळ्यात गाईंच्या अंगाची आग होते, केस झडायचे ते झडत नाहीत, दिवसभर तळ्यात उभ्या राहतात, दूध आटतं, गाभण राहत नाहीत. थंडीत मागच्या पायाच्या खुरांकडचा रक्तपुरवठा तुटतो, कधी शेपटीचा शेंडा गळून पडतो. कारण कळायला अनेक वर्षं लागली. जॉर्जियातल्या मॅन्सफील्डजवळच्या एका शेतात दोन कुरणं, गवत तेच, पण एकात जनावरं आजारी आणि दुसऱ्यात धडधाकट. तिथून धागा मिळाला आणि १९७७ मध्ये चार्ल्स बेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आतल्या बुरशीकडे बोट दाखवलं. ती अर्गोव्हॅलीन नावाचं विष तयार करते. त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक खाली जातं.

माझ्या घोडीच्या वेळी हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आम्ही ही जागा घेतली तेव्हा सगळीकडे जुनं केंटकी ३१ होतं. दिवस भरून वर गेले तरी ती विईना, व्याली तेव्हा वार जाड आणि घट्ट, आणि कास रिकामी. शिंगराला दुसऱ्या फार्मवरून गोठवलेला चीक आणून पाजला. डॉक्टर आले, रक्त घेतलं, आणि गोठ्यात येण्याआधी कुंपणापाशी वाकून गवत उपटून बघितलं. तेव्हाच मी ठरवलं की हे कुरण बदलायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग बुरशी नसलेलं बी टाकावं. १९८० च्या दशकात इथल्या शेतकऱ्यांनी तेच केलं. जनावरं सुधारली, गवत मेलं. एक कडक उन्हाळा, थोडी जास्त चराई, की कुरणात ठिगळं पडायची. म्हणून मग तिसरी वाट निघाली: बुरशी ठेवायची, पण जनावराला विष न देणारी. रानटी फेस्क्यूच्या संग्रहांतून असे वाण शोधले गेले ज्यांच्यातली बुरशी अर्गोव्हॅलीन बनवत नाही, पण किड्यांना दूर ठेवणारी द्रव्यं बनवते. न्यूझीलंडच्या ॲगरिसर्च संस्थेने अशा बुरशी वेगळ्या काढल्या आणि जॉर्जिया विद्यापीठाच्या जो बौटन यांनी त्या इथल्या गवतात बसवल्या. बसवायची पद्धत ऐकून मी थक्क झाले. नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपाला बारीक चीर देतात आणि बुरशीचा तंतू आत ठेवतात. जगली तर जगली. त्या एका रोपाच्या बीपासून पुढचं सगळं. मॅक्स-क्यू म्हणतात ते हेच.

इथे मला गुणसूत्रांबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण पिशवीवर ते कधीच छापत नाहीत आणि निवड चुकते ती तिथेच. राहुरीला एम.एस्सी. करताना मी मारवेल गवताच्या मुळांची टोकं ठेचून, रंगवून गुणसूत्रं मोजत होते. एका ठिकाणच्या मारवेलमध्ये २०, दुसऱ्या ठिकाणच्या ४०. ६० वाली झाडंही असतात. बाहेरून बघून सांगता येत नाही. फेस्क्यूचं तसंच आहे, आणि त्याची घडण तर विलक्षण आहे. ओल्या कुरणांत वाढणारा मेडो फेस्क्यू १४ गुणसूत्रांचा. दक्षिण युरोपात २८ गुणसूत्रांचा एक रानटी फेस्क्यू आहे. या दोघांच्या संकरातून ४२ गुणसूत्रांचा उंच फेस्क्यू झाला, जो आपण पेरतो. मोरोक्कोत ॲटलास पर्वताकडे गेलात तर ५६ चे आणि उत्तर आफ्रिकेत ७० चेही नातेवाईक सापडतात.

आणि बुरशीही गवताबरोबर बदलते. मेडो फेस्क्यूमध्ये वेगळी, एपिक्लोई अनसिनाटा. ती लोलीन नावाची द्रव्यं बनवते, किडे पळतात, गाईला काही होत नाही. ४२ वाल्या उत्तरेकडच्या उंच फेस्क्यूत सीनोफियाला. भूमध्य समुद्राकाठच्या उंच फेस्क्यूत आणखी निराळ्या जाती. त्यात सीनोफियाला स्वतः तीन बुरशींच्या संकरातून झालेली आहे. म्हणजे संकराच्या पोटात संकर राहतो आणि दोघांचं पटतं. शिकवत असते तर या एका गवतावर मी अख्खं सत्र घेतलं असतं.

याचा पिशवीशी संबंध असा. ४२ गुणसूत्रांच्या उंच फेस्क्यूतसुद्धा दोन मोठे प्रकार आहेत: उत्तर युरोपातला आणि भूमध्य समुद्राकाठचा. आकडा तोच, पण दोघांचा संकर केला तर पुढची झाडं वांझ निघतात, इतके ते आतून लांब गेलेत. भूमध्य प्रकार हिवाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात झोपतो. ओक्लाहोमा आणि टेक्ससच्या कोरड्या पट्ट्यात तेच हवं. केंटकीत मात्र उन्हाळ्यात पाऊस असतो आणि थंडी कडक; इथे उत्तरेकडचाच प्रकार टिकतो. लेसफील्ड त्या प्रकारातला आहे. इंटरनेटवर "दुष्काळात टिकणारा" एवढंच वाचून कोणी भूमध्य प्रकारचं बी मागवू नका.

आता बियाण्याच्या प्रतीबद्दल. ही बुरशी बीच्या आधी मरते. बी दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं, पण गोदाम गरम आणि दमट असेल तर आतली बुरशी वर्षभरात, कधी त्याही आधी संपते. या वाणाच्या आधी मी एका दुकानातून अशाच नव्या, बिनविषारी बुरशीच्या दुसऱ्या एका वाणाची पिशवी आणली होती. दुकानाचं नाव घेत नाही. उगवण सुरेख, शेजारी येऊन बघून गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात तुकडा विरळ पडला. फुटवे तपासले तर बहुतेकांत बुरशीच नव्हती. चौकशी केल्यावर कळलं की पिशव्या पत्र्याच्या शेडमध्ये आदल्या वर्षापासून पडून होत्या. टॅगवरचा उगवणीचा टक्का खरा होता, आणि मी ज्याचे पैसे मोजले ती गोष्ट मेलेली होती. मागच्या पिशवीचे पैसे परत मिळाले नाहीत.

त्यामुळे लेसफील्ड घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या आणि तुम्हीही पाहा. बी यंदाच्या काढणीचं आहे का. विक्रेत्याने ते थंड खोलीत ठेवलं होतं का. मी आत जाऊन हात लावून बघितला, त्याने न कुरकुरता दाखवलं. आणि पिशवीवर 'अलायन्स फॉर ग्रासलँड रिन्यूअल'चा टॅग आहे का. मिझुरीत २०१२ मध्ये सुरू झालेल्या या गटाच्या नियमाप्रमाणे निदान ७० टक्के बियांत जिवंत नवी बुरशी असावी लागते आणि विषारी बुरशीची भेसळ ५ टक्क्यांपुढे चालत नाही. हा टॅग नसेल तर पिशवी तिथेच ठेवा.

पेरणीचं थोडक्यात. जुनं गवत पुरतं मारल्याशिवाय नवं टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. वसंतात जुन्या गवताला ओंब्या येऊ दिल्या नाहीत, कापत राहिले, म्हणजे विषारी बी जमिनीत पडलं नाही. मग तणनाशक. मग उन्हाळ्यात दाट सावली करणारं एक पीक, जुन्याला डोकं वर काढू न देणारं. इथे लोक ज्वारी आणि सुदान गवताचा संकर टाकतात. मी बाजरी टाकली. तीही शिफारशीत आहे, आणि ज्वारीसारखी कोवळी असताना किंवा कडाक्याच्या थंडीने गोठल्यावर विषारी होण्याची भीती तिला नाही. केंटकीच्या लाल मातीत कमरेएवढी बाजरी डोलताना बघून आबांनी दोन दिवस सगळ्या गावाला फोटो दाखवले. गाईंनी ती खाल्ली, परत तणनाशक, आणि सप्टेंबर लागता लागता फेस्क्यू. एकरी २० ते २५ पौंड बी, पाव ते अर्धा इंच खोल. त्याहून खोल गेलं तर वर येत नाही.

उगवण एकसारखी झाली. पहिल्या हिवाळ्यात गवत लहान दिसतं आणि जीव घाबरतो, थांबा. पहिल्या वसंतात मी चारलं नाही, उंचावर कापून वैरण केली. दुसऱ्या वर्षीच्या जुलैत, पाऊस लांबला असताना, शेजाऱ्याच्या बुरशी नसलेल्या तुकड्यात माती दिसत होती आणि माझ्याकडे बुडखे घट्ट होते.

बुरशी आहे का हे घरी बघता येतं आणि ज्याच्याकडे साधा सूक्ष्मदर्शक आहे त्याने एकदा तरी बघावं. फुटवा जमिनीलगत कापायचा. बाहेरची वाळकी पानं काढायची. खोडाला वेढून बसलेल्या पानाच्या खालच्या भागाची आतली साल ब्लेडने टोक उचलून चिमट्याने ओढायची. कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघते. काचेवर ॲनिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब, वर पापुद्रा, काचेचं झाकण, थोडं गरम करायचं. ४०० पटीवर बघितलं की आधी विटांसारख्या लांबट पेशींच्या रांगा दिसतात. मग डोळा सरावला की त्या रांगांच्या मधून, पानाच्या लांबीच्या दिशेने जाणारे निळे, किंचित वळणं घेणारे, क्वचितच फांदी फुटणारे धागे. पेशीच्या आत एकही शिरलेला नसतो. माझी मुलगी सातवीत आहे; ती ते बघून म्हणाली, "आई, हे तर झाडाच्या आत लपून बसलेत, आणि झाडाला माहीत आहे."

पण सूक्ष्मदर्शकाला विषारी आणि बिनविषारी बुरशीतला फरक कळत नाही. दोन्हींचे धागे सारखेच. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. केंटकी विद्यापीठाच्या रेग्युलेटरी सर्व्हिसेस विभागात फेस्क्यूची बुरशी तपासून मिळते. कुरणभर फिरून ठिकठिकाणचे फुटवे घ्या, थंड ठेवा, आणि आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा म्हणजे शनिवार-रविवार टपालात कुजणार नाहीत. माझ्या तुकड्यात दर दहापैकी आठाहून जास्त फुटव्यांत बुरशी निघाली. सेवा उत्तम, आणि फोनवर बोलणाऱ्या बाईंनी अहवालातला एकेक रकाना समजावून सांगितला.

जनावरांचं सांगायचं तर गाई जूनमध्ये तुळतुळीत दिसतात. आधी जुलैतही अंगावर हिवाळ्याचे तांबूस, राठ केस असायचे. दुपारी तळ्यात न उभं राहता चरतात. घोडीला मी विण्याआधीचे महिने या नव्या तुकड्यातच ठेवलं. दिवसांत व्याली, कास भरलेली, पान्हा व्यवस्थित. ज्यांच्याकडे अजून जुनं केंटकी ३१ आहे त्यांनी गाभण घोडी शेवटचे दोन-तीन महिने त्या कुरणातून बाहेर काढावी, डॉक्टरही हेच सांगतात.

घोड्यांवरून आठवलं. ही विषाची गोष्ट फक्त फेस्क्यूची नाही. न्यू मेक्सिकोत क्लाउडक्रॉफ्टच्या डोंगरांत 'स्लीपीग्रास' नावाचं रानगवत आहे. ते खाल्लं की घोडा उभ्या उभ्या झोपतो, कधी दोन-तीन दिवस गुंगीत राहतो. तेच गवत इतरत्रही उगवतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याने काहीच होत नाही. करणी त्याच्यातल्या एपिक्लोई बुरशीची. चीनच्या गवताळ प्रदेशांत घोड्यांना झिंग आणणारं असंच एक गवत आहे. गवताचं नाव विचारलं तर त्याचं ठिकाणही विचारावं, हे मला अशा उदाहरणांनी पटलं.

तक्रारी दोन. एक, किंमत. छोट्या शेतकऱ्याला एकदम दहा एकर करणं झेपत नाही. मी तुकड्या-तुकड्याने केलं आणि तेच सुचवेन. दुसरी, पिशवीवरची माहिती. वाण, उगवण, शुद्धता, तारीख सगळं आहे. पण "ही पिशवी थंड ठेवा, नाहीतर आतली बुरशी मरेल" हे मोठ्या अक्षरांत, समोरच्या बाजूला हवं. ते बारीक अक्षरांत असेल तर कोण वाचतो? बाकी गवताबद्दल माझी तक्रार नाही. पाचपैकी साडेचार.

नवं कुरण झाल्यावर एक पथ्य कटाक्षाने पाळा. बाहेरून केंटकी ३१ ची वैरण आणून या तुकड्यात टाकू नका. तिच्यात ओंब्या असतील तर जुनं बी परत येतं, आणि शेणातूनही येतं. जुन्या कुरणातून जनावरं आणायची असतील तर दोन-तीन दिवस मधल्या जागेत वेगळा चारा घालून मग सोडा.

आणि ज्यांनी विचारलं की थोडं बी गावी पाठवू का: नको. हे थंड हवामानाचं गवत आहे, माणदेशात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात ते तग धरणार नाही. तिथे मारवेल आहे, ते लावा. शिवाय पेरणीचं बियाणं भारतात न्यायला २००३ च्या क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेत घालून पुडी नेऊ नका; आत काय राहतंय ते विमानतळावरच्या माणसालाही दिसत नाही.